शेवटच्याला पहिला मान

व्यापारात प्रतिस्पर्धी बुडाला की उरलेल्याचे दुकान वाढते. खेळाच्या धंद्यात मात्र उलटा न्याय चालतो. प्रतिस्पर्धी बुडाला, तर जिंकणाऱ्याच्याही दाराला कुलूप लागते. सामना एकट्याने खेळता येत नाही आणि निकाल आधीच ठाऊक असलेल्या सामन्याचे तिकीट कोणी काढत नाही. ही साधी गोष्ट अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलला एका माणसाने पटवून दिली. तो माणूस विजेत्या संघाचा मालक नव्हता. वर्षानुवर्षे तळाशी राहणाऱ्या संघाचा तो कर्जात रुतलेला मालक होता. त्याचे नाव बर्ट बेल. आज ज्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सर्व संघ तुल्यबळ असल्याचा अभिमानाने उल्लेख होतो, तिथल्या समतोलाचा पाया बेल यांनी घातला. तो समतोल खरोखर अस्तित्वात आहे की ती केवळ एक सोयीची समजूत आहे, हा वाद आजही मिटलेला नाही. बेल यांचे आयुष्य पाहिले, तर त्या वादाच्या दोन्ही बाजू त्यातच सापडतात.

गोमंतकीय वाचकांना फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ आठवतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ रग्बीच्या कुळातला आहे. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात. लांबट चेंडू हातात घेऊन धावत किंवा पुढे फेकत प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे न्यायचा असतो. चेंडू कोणाकडे द्यायचा, कुठे फेकायचा, हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. संघाचे अर्धे नशीब त्याच्या हातात असते. या एका गोष्टीमुळे समतोलाचे गणित पुढे किती अवघड झाले, ते ओघाने येईलच.

बेल यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्यांचे मूळ नाव डी बेनव्हिल बेल. हे भारदस्त नाव त्यांना कधीच आवडले नाही. आयुष्यभर ते बर्ट म्हणूनच वावरले. घर सधन आणि प्रतिष्ठित होते. वडील जॉन बेल हे नामांकित वकील. पुढे ते पेनसिल्व्हेनिया राज्याचे महाधिवक्ता झाले. थोरले बंधू जॉन यांनी १९४७ मध्ये १९ दिवस राज्याचे गव्हर्नरपद सांभाळले आणि नंतर ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. अशा घरातल्या धाकट्या मुलाने वकिली करावी किंवा पेढीवर बसावे, अशीच अपेक्षा होती. बर्ट यांचे मन मात्र मैदानावर रमले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघाचे ते क्वार्टरबॅक झाले आणि १ जानेवारी १९१७ रोजी प्रतिष्ठेच्या रोझ बोल सामन्यात खेळले. त्या सामन्यात त्यांचा संघ ओरेगॉनकडून १४–० असा हरला. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये एका फिरत्या लष्करी रुग्णालयाच्या पथकात त्यांनी सेवा केली. परत आल्यावर पुन्हा खेळले, पण पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडले.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षे चैनीत आणि अस्थिरतेत गेली. काही काळ हॉटेलच्या व्यवस्थापनात, काही काळ शेअर बाजारात आणि जोडीला विद्यापीठ संघांचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून त्यांचे दिवस जात होते. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत ५० हजार डॉलर बुडाले. वडिलांनी ते भरून दिले. दारूचेही व्यसन होते. रंगभूमीवरील प्रसिद्ध अभिनेत्री फ्रान्सिस अप्टन त्यांच्या आयुष्यात आल्या आणि त्यांच्यासाठी बेल यांनी दारू सोडली. १९३४ च्या जानेवारीत दोघांचा विवाह झाला. त्याआधीच, १९३३ मध्ये, फ्रान्सिस यांनी दिलेल्या पैशांच्या आधारावर बेल यांनी मित्र लड रे यांच्यासह फिलाडेल्फियासाठी व्यावसायिक संघाचा हक्क विकत घेतला होता. त्याची प्रवेश फी २,५०० डॉलर होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक पुनरुत्थान कार्यक्रमाचे चिन्ह निळा गरुड होते. त्यावरून संघाचे नाव ‘ईगल्स’ ठेवण्यात आले.

गरुडाचे पहिलेच उड्डाण जमिनीवर आदळले. १५ ऑक्टोबर १९३३ रोजी न्यूयॉर्क जायंट्सने ईगल्सचा ५६–० असा धुव्वा उडवला. पेनसिल्व्हेनियातील जुन्या धार्मिक कायद्यांमुळे रविवारी खेळण्यावर बंदी होती आणि व्यावसायिक फुटबॉलची सारी कमाई तर रविवारच्या गर्दीवर अवलंबून. ती बंदी उठावी यासाठी बेल यांनी खटपट केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सार्वमताने ती सैल झाली. प्रेक्षक आणण्याची वाट मोकळी झाली, पण प्रेक्षकांना दाखवायला चांगला संघ नव्हता. पहिल्या तीन हंगामांत ईगल्सने केवळ नऊ सामने जिंकले. १९३५ मध्ये ११ पैकी दोनच.

हे असे का होते, हे बेल यांना अनुभवाने कळले. त्या काळी विद्यापीठातून बाहेर पडणारा खेळाडू मुक्त असे. जो संघ अधिक पैसे देईल किंवा ज्या संघाचे नाव मोठे, तिकडे तो जाई. शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स, ग्रीन बे पॅकर्स आणि विजेतेपदांसाठी झुंजणारे आणखी एखाद-दोन संघ चांगले खेळाडू टिपत. चांगल्या खेळाडूंमुळे जिंकत. जिंकल्यामुळे प्रेक्षक येत. प्रेक्षकांच्या पैशांतून पुन्हा चांगले खेळाडू येत. दुबळ्या संघांचे चक्र याच्या नेमके उलट फिरे. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका हा धिप्पाड खेळाडू आपल्या संघात यावा म्हणून बेल यांनी जिवाचे रान केले. पण लिलाव चढत गेला आणि अखेर ब्रुकलिनच्या संघाने कोस्टकाला पाच हजार डॉलरला करारबद्ध केले. मंदीच्या दिवसांत ही रक्कम बड्या खेळाडूंनाही हेवा वाटावा अशी होती. रिकाम्या हाताने परतलेल्या बेल यांच्या मनात तेव्हा एक विचार पक्का झाला. पैशाने ही स्पर्धा आपण कधीच जिंकणार नाही. तेव्हा स्पर्धेचा नियमच बदलला पाहिजे.

१९३५ च्या मे महिन्यात लीगच्या मालकांच्या बैठकीत बेल यांनी आपला प्रस्ताव मांडला. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक यादी करावी. त्या यादीतून संघांनी आळीपाळीने नावे उचलावीत. मागच्या हंगामात सर्वांत शेवटी राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळावी आणि विजेत्याला सर्वांत शेवटची. एकदा एखाद्या संघाने खेळाडूचे नाव घेतले, की त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क फक्त त्याच संघाचा. हीच पुढे ड्राफ्ट या नावाने रूढ झालेली पद्धत. शेवटच्याला पहिला मान, असा हा उफराटा दरबार.

बेल यांचा स्वार्थ उघड होता. आश्चर्य वाटावे ते जॉर्ज हॅलस आणि टिम मारा यांच्या होकाराचे. हॅलस शिकागो बेअर्सचे सर्वेसर्वा, मारा न्यूयॉर्क जायंट्सचे मालक. खुल्या बाजाराचा सर्वाधिक लाभ या दोघांना होत होता. तरीही प्रस्ताव एकमताने संमत झाला. त्यामागे शहाणपण होते, तसा हिशेबही होता. बेअर्स जिथे खेळायला जात, तिथल्या तिकीटविक्रीत त्यांचाही वाटा असे. समोरचा संघ कंगाल आणि मैदान ओस, तर बेअर्सच्याही पदरी काही पडत नसे. शिवाय खेळाडूवर एकाच संघाचा हक्क म्हटल्यावर लिलाव थांबणार, म्हणजेच पगार आटोक्यात राहणार. हा लाभ गरीब मालकाला जेवढा, तेवढाच श्रीमंतालाही. समतोलाच्या या व्यवस्थेत जन्मापासूनच दोन हेतू गुंतलेले होते: दुबळ्या संघाला आधार आणि खेळाडूच्या किमतीला लगाम. मालकांच्या त्या बैठकीत खेळाडूंना कोणी काही विचारले नव्हते.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ नावे. शेवटचा संघ म्हणून पहिली निवड बेल यांच्या ईगल्सची होती. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवॅंगर यांचे नाव घेतले. आज हाइसमन करंडक म्हणून ओळखला जाणारा, वर्षातील सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा सन्मान त्यांना नुकताच मिळाला होता. पण बरवॅंगर यांना हवी ती रक्कम देण्याची ऐपत बेल यांच्यात नव्हती. त्यांनी तो हक्क हॅलस यांच्या बेअर्सला देऊन टाकला. हॅलस यांच्याशीही बरवॅंगर यांचे जमले नाही आणि ते व्यावसायिक फुटबॉल खेळलेच नाहीत. ईगल्सने त्या दिवशी निवडलेल्या नऊपैकी एकही खेळाडू त्यांच्याकडून खेळला नाही.

पुढच्या वर्षीही पहिली निवड ईगल्सची होती. ती सॅम फ्रान्सिस यांच्यावर खर्च झाली. आणि तो हक्कही एका अनुभवी खेळाडूच्या बदल्यात बेअर्सकडेच गेला. १९३९ मध्ये पिट्सबर्गच्या दुबळ्या संघानेही आपली दुसऱ्या क्रमांकाची निवड बेअर्सला आधीच देऊन टाकली होती. त्या निवडीतून बेअर्सला सिड लकमन हा क्वार्टरबॅक मिळाला आणि त्याने संघाला चार विजेतेपदे मिळवून दिली. गरिबाला उद्याचे बियाणे दिले, तरी आजची चूल पेटवण्यासाठी तो ते विकतो आणि ज्याच्या कोठारात धान्य आहे, तो ते विकत घेतो. नियमाने समान संधी मिळाली होती. ती संधी राखून ठेवण्याचे बळ नियमाला देता आले नव्हते.

याचा सर्वांत ठळक पुरावा ८ डिसेंबर १९४० रोजी मिळाला. लीगच्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३–० असे चिरडले. एनएफएलच्या इतिहासातील सर्वांत एकतर्फी निकाल म्हणून तो अजूनही अबाधित आहे. ड्राफ्ट सुरू होऊन तेव्हा जवळपास पाच वर्षे झाली होती. १९३३ ते १९४६ या चौदा हंगामांत बेअर्स, जायंट्स, पॅकर्स आणि वॉशिंग्टन या चौघांनी मिळून बारा विजेतेपदे पटकावली.

खुद्द बेल यांचे हाल तर विचारूच नयेत. १९३६ मध्ये त्यांनी भागीदाराचा हिस्सा घेतला आणि खर्च वाचवण्यासाठी स्वतःच प्रशिक्षक झाले. पाच हंगामांत त्यांच्या ईगल्सने १० सामने जिंकले, ४४ हरले आणि दोन बरोबरीत सुटले. मधल्या काळात डेव्ही ओब्रायन हा बुटका, पण अफाट गुणवत्तेचा क्वार्टरबॅक त्यांना ड्राफ्टमधून मिळाला. मात्र तो दोन हंगाम खेळला आणि एफबीआय या तपास यंत्रणेत रुजू झाला. १९४० च्या अखेरीस सुरू झालेल्या मालकीच्या अदलाबदलीतून बेल हे आर्ट रूनी यांच्यासह पिट्सबर्ग स्टीलर्सचे सहमालक झाले. १९४१ मध्ये तिथे त्यांनी प्रशिक्षकपदाची धुरा घेतली, पहिले दोन सामने हरले आणि रूनी यांच्या सांगण्यावरून पायउतार झाले. युद्धकाळात खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा स्टीलर्सला एक वर्ष ईगल्सशी आणि दुसऱ्या वर्षी शिकागो कार्डिनल्सशी एकत्र होऊन खेळावे लागले. १९४४ च्या त्या जोडसंघाने दहाच्या दहा सामने गमावले. पराभवाची इतकी सर्व अंगे जवळून पाहिलेला दुसरा मालक त्या लीगमध्ये क्वचितच असेल.

११ जानेवारी १९४६ रोजी मालकांनी याच माणसाला लीगचा आयुक्त निवडले. वार्षिक वेतन २० हजार डॉलर होते. स्टीलर्समधला आपला वाटा विकून बेल यांनी हे पद स्वीकारले आणि लीगचे कार्यालय शिकागोहून फिलाडेल्फिया परिसरात आणले. त्यांच्यापुढे पहिलीच परीक्षा आली ती जुगाराची. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना सामना सोडण्यासाठी लाच देऊ केल्याचे उघड झाले. लाच त्यांनी घेतली नव्हती, पण कोणाला कळवलेही नव्हते. बेल यांनी दोघांनाही निलंबित केले. निकालाची अनिश्चितता हाच लीगचा माल आहे; त्यात भेसळ झाल्याचा नुसता संशय आला, तरी दुकान बंद होईल, हे ते ओळखून होते.

दुसरी परीक्षा अधिक बोधप्रद ठरली. १९४६ मध्ये ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. तिच्याकडे पैसा होता आणि पॉल ब्राऊन यांच्यासारख्या असामान्य प्रशिक्षकाचा क्लीव्हलँड ब्राऊन्स हा संघ होता. ब्राऊन्सने त्या लीगची चारही वर्षांची चारही विजेतेपदे जिंकली. १९४८ मध्ये तर एकही सामना गमावला नाही. पहिल्या वर्षी लोक या संघाच्या प्रेमात पडले, पण हळूहळू त्याच्या विजयांचा त्यांना कंटाळा आला. १९४९ च्या अंतिम सामन्याला क्लीव्हलँडच्या ७० हजारांहून अधिक क्षमतेच्या मैदानात २२ हजारांच्या आसपासच प्रेक्षक आले. खेळाडूंचे पगार वाढत होते, प्रेक्षक आटत होते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये दोन्ही लीगमध्ये तह झाला आणि ब्राऊन्स, सान फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोर हे तीन संघ एनएफएलमध्ये आले. प्रतिस्पर्धी लीग बुडण्याची कारणे अनेक होती. तरी एकच संघ नेहमी जिंकत राहिला, तर काय होते, याचा धडा सर्वांना मिळाला.

पुढच्या हंगामाची सुरुवात कशाने करावी, हे बेल यांनी नेमके हेरले. १६ सप्टेंबर १९५० रोजी त्यांनी दोन वर्षांचे एनएफएल विजेते ईगल्स आणि नवागत ब्राऊन्स यांनाच समोरासमोर उभे केले. ७१ हजारांवर लोक जमले. ब्राऊन्सने ३५–१० असा विजय मिळवला आणि त्याच वर्षी एनएफएलचे विजेतेपदही जिंकले.

हंगामाचे वेळापत्रक बेल स्वतः घरी, जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून तयार करत. त्यातही समतोलाचेच धोरण होते. हंगामाच्या सुरुवातीला शक्यतो बलवान संघ बलवानांशी आणि दुबळे दुबळ्यांशी खेळतील, अशी ते व्यवस्था करत. त्यामुळे काही आठवडे कोणीच फार पुढे जात नसे, कोणीच फार मागे पडत नसे आणि प्रत्येक शहरातील प्रेक्षकाच्या मनात आशा जिवंत राही. कोणत्याही रविवारी लीगमधला कोणताही संघ दुसऱ्या कोणत्याही संघाला हरवू शकतो, या अर्थाचे एक वचन अमेरिकेत त्यांच्या नावावर रूढ झाले आणि ते त्या लीगचे ब्रीदच बनले. या ब्रीदात कौशल्याने दडवलेला भाग असा, की तो रविवार कोणत्या आठवड्यात यावा, हे बेल यांच्या टेबलावर ठरत असे. आशा खरी होती. तिची मांडणी मात्र योजनापूर्वक होती.

दूरचित्रवाणीच्या बाबतीतही त्यांचे धोरण असेच सावध होते. १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्सने घरच्या मैदानावरील सर्व सामने दूरचित्रवाणीवर दाखवले आणि मैदानातील गर्दी जवळपास निम्म्यावर आली. बेल यांनी घरच्या सामन्याचे त्याच भागात प्रक्षेपण करण्यावर बंदी घातली. सरकारने खटला भरला, पण १९५३ मध्ये न्यायमूर्ती ॲलन ग्रिम यांनी ही बंदी ग्राह्य धरली. दुबळ्या संघाची तिकीटविक्री वाचली पाहिजे, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. मात्र प्रक्षेपणाचे हक्क प्रत्येक संघ अजून स्वतंत्रपणेच विकत होता. न्यूयॉर्कच्या संघाला जे मिळे, त्याच्या जवळपासही ग्रीन बेसारख्या छोट्या गावाच्या संघाला मिळत नसे. ही दरी बेल यांच्या हयातीत बुजली नाही.

त्यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडला, तर १९४६ ते १९५९ या चौदा हंगामांत आठ वेगवेगळ्या संघांनी विजेतेपद मिळवले. कार्डिनल्स आणि ईगल्स यांसारखे एकेकाळचे तळाचे संघ शिखरावर पोहोचले. हे मोठेच यश होते. पण याच काळात ब्राऊन्सने १९५० पासून सलग सहा वर्षे अंतिम सामना गाठला. याचे कारण पैशात शोधून सापडणार नाही. पॉल ब्राऊन यांची शिस्त, तयारी आणि खेळाडू पारखण्याची नजर इतरांपेक्षा कितीतरी पुढे होती. सोबत ओटो ग्रॅहम हा क्वार्टरबॅक होता. खेळाडूंची वाटणी नियमाने करता येते, शहाणपणाची वाटणी करता येत नाही, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

खेळाडूंच्या बाजूचा हिशेबही त्यांच्यासमोर आलाच. ड्राफ्टमुळे तरुण खेळाडूला आपला संघ निवडता येत नव्हता. पटले नाही तर खेळ सोडायचा किंवा कॅनडात जायचे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॅडोविच खटल्यात व्यावसायिक फुटबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला. लीगच्या साऱ्या व्यवस्थेवरच प्रश्नचिन्ह लागले. त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देताना बेल यांनी खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देण्याची तयारी जाहीर केली. अनेक मालकांना हे रुचले नाही. बेल यांनी त्यांचे मन वळवले. ड्राफ्ट वाचवायचा असेल, तर खेळाडूंना माणूस म्हणून वागवावे लागेल, इतके त्यांना कळून चुकले होते.

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि जायंट्स यांच्यातील अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत कोल्ट्सने २३–१७ असा जिंकला. देशभर दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या त्या सामन्याने हा खेळ अमेरिकेच्या दिवाणखान्यात कायमचा आणून बसवला. बेल यांना हे सुख फार काळ लाभले नाही. ११ ऑक्टोबर १९५९ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर ते ईगल्स आणि स्टीलर्स यांचा सामना पाहत होते. संघाने राखून ठेवलेल्या मानाच्या जागा सोडून स्वतःचे तिकीट काढायचे आणि सामान्य प्रेक्षकांत बसायचे, ही त्यांची रीत होती. सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते. ज्या मैदानावर ते विद्यार्थी म्हणून खेळले, तेच हे मैदान. आणि खेळत होते ते त्यांनी स्थापन केलेला एक संघ आणि सहमालक म्हणून सांभाळलेला दुसरा. १९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे गौरवदालन सुरू झाले, तेव्हा पहिल्याच तुकडीत बेल यांचा समावेश झाला.

त्यांनी अर्धवट सोडलेले काम त्यांचे उत्तराधिकारी पीट रोझेल यांनी पुढे नेले. १९६१ मध्ये काँग्रेसने विशेष कायदा करून लीगला प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. १९६२ पासून सीबीएस वाहिनीकडून वर्षाला मिळणारे ४६ लाख ५० हजार डॉलर सर्व संघांत समान वाटले जाऊ लागले. न्यूयॉर्कचे मारा बंधू आणि शिकागोचे हॅलस यांनी आपला मोठा वाटा सोडला, म्हणूनच हे शक्य झाले. ग्रीन बेसारखे गाव आजही या लीगमध्ये टिकून आहे, याचे मोठे श्रेय या वाटणीला जाते. पण ज्या दशकात ही समान वाटणी सुरू झाली, त्याच दशकात एकट्या ग्रीन बेने सात वर्षांत पाच विजेतेपदे जिंकली. ड्राफ्टच्या कायदेशीरपणाचा प्रश्नही सुटला नव्हता. १९७६ मध्ये एका खेळाडूच्या दाव्यात न्यायालयाने तत्कालीन ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. त्यानंतर खेळाडूंच्या संघटनेशी केलेल्या सामूहिक कराराचा आधार घेऊनच ही पद्धत तगली. १९९३ मध्ये अनुभवी खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा आली. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखीच का असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मर्यादेमागचा विचार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग समतोल खरोखर आहे काय? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. १९९० ते २०२४ या काळात दर हंगामात बाद फेरीत किमान चार असे संघ होते, जे आदल्या वर्षी तिथे नव्हते. उलट, याच काळात न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने २००१ ते २०१८ या अठरा हंगामांत सहा विजेतेपदे मिळवली आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला होता. त्याच्याआधी १९८ नावे घेतली गेली होती. डेट्रॉइटने २००८ मध्ये आणि क्लीव्हलँडने २०१७ मध्ये सोळाच्या सोळा सामने गमावले. ३२ पैकी चार संघांनी सुपर बोल म्हणजे अंतिम सामना अजून एकदाही पाहिलेला नाही. शिवाय हंगामात सामने थोडे आणि बाद फेरीत एका पराभवात सारे संपते. अशा रचनेत दैवाचा वाटा मोठा असतो आणि दैवाने केलेली उलथापालथ लांबून समतोलासारखी दिसते.

तरीही बेल यांचे काम भ्रमाचे होते, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या नियमाने दुबळा संघ बलवान होत नाही. त्यांना स्वतःलाही त्याचा लाभ झाला नाही. नियमाने एवढेच केले, की दुबळेपणा हा शहराच्या लोकसंख्येचा किंवा मालकाच्या तिजोरीचा अटळ परिणाम उरला नाही. आता जो संघ वीस-वीस वर्षे हरतो, त्याला गरिबीचे कारण सांगता येत नाही. आपल्या निवडी, आपली माणसे आणि आपला कारभार तपासावा लागतो. या संधीची किंमत मोठ्या प्रमाणात खेळाडूंनी मोजली, हेही तितकेच खरे. त्या व्यवहाराची दुसरी बाजू म्हणून एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. निवृत्त खेळाडूंसाठी उभी राहिलेली निवृत्तिवेतन योजना आज ज्या दोघांच्या नावाने ओळखली जाते, त्यांतले पहिले नाव बर्ट बेल यांचे आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा होतो, तेव्हा आदल्या हंगामात सर्वाधिक सामने गमावलेल्या संघाच्या शहरात हजारो लोक पहिल्या नावाची वाट पाहत बसलेले असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची निराशाच होणार असते. पण त्या दिवसापुरता तरी त्यांच्या संघाचा मान पहिला असतो.